साडूंची लढत पुढे ढकलली

३ मार्च, मंगळवार

आजपासून लिहून ठेवणार आहे. कारण साडू काल बोललेला शब्द आज फिरवतो आणि वर मलाच विचारतो, "असं मी कधी म्हणालो?" दुकानात ऑर्डरी लिहायची वही अर्धी कोरी पडली होती, तीच घेतली. पहिल्या भागात चाव्या आहेत, इथून पुढे बॉक्सिंग.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्याचं केस कापायचं दुकान चौकाच्या त्या बाजूला, माझं चाव्या-कुलपांचं दुकान या बाजूला. बावीस वर्षं प्रत्येक मोठी लढत आम्ही एकाच सोफ्यावर बसून पाहिली आहे. बावीस वर्षांत एकाही लढतीबद्दल आमचं एकमत झालेलं नाही.

सध्याचा विषय पट्टेवाला. म्हणजे जगज्जेतेपदाचा पट्टा ज्याच्याकडे आहे तो. एकतीस लढती, एकतीस विजय. पण डावखुऱ्याचं नाव काढलं की याला काहीतरी होतं. डावखुरा तरुण आहे, तापट आहे, तीन वर्षं आव्हान देतोय. आधी पट्टेवाल्याचा खांदा दुखला. मग म्हणाला, डावखुऱ्याने आधी दुसऱ्या कोणाला तरी हरवून दाखवावं. त्याने दोघांना हरवलं. मग म्हणाला, दोन किलो वजन कमी करून ये. आज बातमी आली की पट्टेवाला जूनमध्ये लढणार आहे, पण ते चाळिशीच्या एका गृहस्थाशी, जो गेल्या चारपैकी तीन लढती हरलाय आणि ज्याचं आता फर्निचरचं दुकान आहे.

मी साडूच्या दुकानात जाऊन सरळ सांगितलं, "तुमचा पट्टेवाला टाळतोय."

खुर्चीत भूगोलाचे मास्तर होते. निवृत्त आहेत, दर दिवसाआड दाढी करतात, आमच्यातले तिसरे शौकीन. साडू त्यांचा उजवा गाल संपवून डाव्याकडे वळत होता.

"टाळत नाही, निवडतो," साडू म्हणाला. "एवढी वर्षं मार खाऊन जे कमावलं ते कोणीही ये म्हटलं की पणाला लावायचं का?"

"घाबरट आहे, असं म्हणा."

"बोलायला काय जातंय, साडूभाऊ. तुम्ही कधी रिंगमध्ये उतरलाय?"

"तुम्ही समोर असाल तर आत्ता उतरतो."

हे मी का म्हणालो ते माहीत नाही. तोंडातून गेलं. साडूने वस्तरा खाली ठेवला, हात पुसला आणि पुढे केला. "ठरलं. मास्तर, तुम्ही साक्षीदार."

मास्तर अर्धी दाढी घेऊन उठले आणि आम्हा दोघांच्या हातांवर त्यांनी हात ठेवला. फेस माझ्या मनगटावर पडला.

घरी बायकोला सांगितलं की सगळं पट्टेवाल्यामुळे झालं. ती म्हणाली, "कुठल्या ऑफिसचा?"

५ मार्च, गुरुवार

टायरच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर बॉक्सिंगचा हॉल आहे. इतकी वर्षं खालून टायरचा वास घेत गेलो, वर कधी चढलो नव्हतो. शिकवणारी बाई आहे. बुटकी, पंचेचाळिशीची, पूर्वी स्वतः लढलेली. नाक किंचित डावीकडे वळलंय. सगळे तिला कोचबाई म्हणतात.

अडचण अशी की गावात हॉल एकच. साडूही तिथेच शिकणार. म्हणून त्याला सोमवार-बुधवार आणि मला मंगळवार-गुरुवार.

दोरीवरच्या उड्या चाळीस सेकंद मारल्या. दोरी आखूड होती.

मी टॉवेल घरी विसरलो होतो, तो द्यायला बायको आली. मी भिंतीला टेकून श्वास घेत होतो. कोचबाई तिला म्हणाल्या, "आलाच आहात तर एक ठोसा मारून बघा." बायकोने पर्स खाली ठेवली आणि बॅगेला एक ठोसा मारला. बॅग केवढी तरी मागे गेली आणि वरची साखळी करकरली. कोचबाईंनी विचारलं, "कधीपासून?" बायको म्हणाली, "कधीपासून म्हणजे? आत्ताच." कोचबाई बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिल्या.

मी नंतर साखळी तपासली. हूक सैल होता. ज्याचं काम कड्या-कुलपांचं आहे त्याला हे लगेच कळतं.

९ मार्च, सोमवार

करार ठरवायला मास्तरांच्या घरी बसलो. साडू आणि मी एकमेकांशी थेट बोलायचं नाही असं ठरलंय, मोठ्या लढतींत तसंच असतं. तो मास्तरांना सांगतो, मास्तर मला सांगतात. तिघंही एकाच टेबलाभोवती असल्यामुळे थोडा वेळ जास्त लागला.

साडूचं वजन चौऱ्याऐंशी, माझं एकाहत्तर. मी सांगितलं, शहात्तरवर या. तो म्हणाला, हाडंच जड आहेत. मी म्हणालो, हाडं मान्य आहेत, पोट नाही. शेवटी ऐंशीवर तडजोड झाली. रिंगमध्ये आधी कोण येणार यावर पाऊण तास गेला. मोठा खेळाडू नेहमी नंतर येतो, म्हणून आम्ही दोघंही नंतर येणार होतो. मास्तरांनी नाणं उडवलं, ते कपाटाखाली गेलं.

लढत १२ एप्रिल, रविवार. तीन राउंड, प्रत्येकी दोन मिनिटं, डोक्याला संरक्षक टोपी. सही केली.

१५ मार्च, रविवार

आज रविवार असून दोन्ही घरांचं एकत्र जेवण नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा. बायको आणि ताई (बायकोची बहीण, मीही तिला ताईच म्हणतो) यांची काही तक्रार दिसली नाही. त्या दोघी कधी भांडत नाहीत. मी लग्न झाल्यापासून एक चढा शब्द ऐकलेला नाही. शिकावं त्यांच्याकडून.

एक चांगली गोष्ट. मला बघून बायकोलाही तब्येतीची गोडी लागली आहे. आठवडाभर रोज सकाळी सहाला फिरायला जाते. टॉवेल घेऊन जाते. परत येते तेव्हा घामाने निथळत असते आणि चार अंडी खाते. मी म्हणालो, "एवढं भरभर चालू नकोस, गुडघे जातील." ती म्हणाली, "गुडघे वाकवूनच चालायचं असतं." कुठून ऐकते कोण जाणे.

२१ मार्च, शनिवार

परवा पहिल्यांदा कोचबाईंसमोर उभा राहिलो. त्या म्हणाल्या, हलकेच मारते. त्यांनी हलकेच मारलं आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ते रडणं नव्हे. नाकाचा आणि डोळ्यांचा आतून संबंध असतो.

तेव्हापासून एक विचार डोक्यातून जात नाही. साडू तीस वर्षं लोकांची डोकी चोळतोय. रोज वीस-पंचवीस डोकी. त्या मनगटांचं काय झालं असेल? मी तीस वर्षं किती बारीक कामं केली. माझा सगळा जोर दोन बोटांत आहे.

शिवाय कोपर दुखतंय. खरंच दुखतंय. चावी कापायच्या यंत्रावर हात सतत वाकलेला असतो. काल मास्तरांमार्फत कळवलं की कोपरामुळे तारीख थोडी पुढे न्यावी. हे टाळणं नाही. टाळणं वेगळं, त्यात माणसाची लढायची इच्छाच नसते. माझी इच्छा आहे, कोपराची नाही.

साडूने अर्ध्या तासात होकार पाठवला. वर निरोप, "घाई नाही, सावकाश बरे व्हा." इतक्या लगेच मान्य केलं यावरून तो किती घाबरलाय ते दिसतंच.

२ एप्रिल, गुरुवार

कमाल आहे. साडूचं नवीन म्हणणं असं की मी आधी दुसऱ्या कोणाशी तरी लढून दाखवावं, म्हणजे माझी पात्रता सिद्ध होईल. त्याने औषधाच्या दुकानदाराचं नाव सुचवलं आहे. दुकानदाराला विचारलेलंच नाही. मी विचारल्यावर तो हातातलं खोकं टाकून आत निघून गेला.

पट्टेवाल्याची बाजू घेता घेता माणूस पट्टेवाल्यासारखाच वागायला लागतो, हे मी आज डोळ्यांनी पाहिलं. मास्तरांना तसं सांगितलंही.

मास्तर म्हणाले, "मग तुम्ही तुमच्याकडून अट घालू नका, म्हणजे फरक दिसेल."

माझी अट फक्त एवढीच आहे की पंच तटस्थ हवा, रिंग माझ्या उंचीला साजेशी लहान हवी, आणि सकाळची वेळ नको कारण सकाळी माझं अंग आखडलेलं असतं. संध्याकाळ साडूला चालत नाही, दिवसभर उभं राहून त्याची कंबर धरते. दुपारी कोणीच लढत नाही.

नवी तारीख १० मे. वेळ नंतर.

१८ एप्रिल, शनिवार

आज चावीचं यंत्र भिंतीपासून पुढे ओढायचं होतं, मागे दोन चाव्या पडल्या होत्या. त्याचं वजन पंचावन्न किलो. मी शेजाऱ्याला हाक मारायला बाहेर गेलो. परत आलो तर यंत्र पुढे आलेलं आणि डबा द्यायला आलेली बायको हात झटकत होती. म्हणाली, "घसरलं."

जमिनीला उतार आलाय की काय ते बघून घ्यायला हवं.

दुपारी ताई कपाटाची चावी करून घ्यायला आली. घरी अबोला असला तरी गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. तिच्या दंडावर हिरवा-निळा डाग होता. विचारलं तर म्हणाली, दार लागलं. मला आठवलं, मंगळवारी बायकोच्या हनुवटीवरही असाच डाग होता आणि तीही दारच म्हणाली होती. एकाच आठवड्यात दोन घरांत दोन दारं. हवा दमट झाली की लाकूड फुगतं. मी संध्याकाळी आमचं स्वयंपाकघराचं दार काढून दोन्ही कडा तासल्या, बिजागरीत तेल सोडलं. ताईलाही निरोप पाठवला की साडूला सांगून दार तासून घे, अबोला आपल्या जागी.

बायको निरोप देता देता इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. नको तिथे हसते.

२४ एप्रिल, शुक्रवार

मास्तरांनी घात केला. चौकातल्या सूचना-फलकावर त्यांच्या सुवाच्य अक्षरात कागद लावलाय. 'रविवार, १० मे, सकाळी अकरा. अनेकदा पुढे ढकललेली आणि बहुप्रतीक्षित लढत.' खाली आमची दोघांची वजनं. हॉलखालच्या टायरवाल्याने पन्नास खुर्च्या कबूल केल्या आहेत. आज चार गिऱ्हाइकांनी चावी घेताना माझा दंड दाबून पाहिला. एकाने दाबला आणि काहीच न बोलता निघून गेला.

जेवण गेलं नाही. बायकोने माझी पोळी संपवली.

३ मे, रविवार

आज जे झालं ते लिहावं की नाही असं वाटत होतं. पण खरं लिहायचं असं ठरवलंय.

डॉक्टरांचा दवाखाना रविवारी सकाळी तासभर उघडा असतो. गर्दी नसते. मी विचार केला, एकदा तपासून घ्यावं. उगाच काही असेल तर डॉक्टर तसं लिहून देतील, आणि डॉक्टरांनीच मनाई केली तर माणूस काय करणार.

बाकावर एकच पेशंट होता. त्याने मासिक तोंडासमोर धरलं होतं. उलटं. खालून बूट दिसत होते. ते बूट मी ओळखतो, गेल्या वर्षी आम्ही एकाच दुकानातून घेतले.

मीही एक मासिक उचललं. दहा मिनिटं गेली.

शेवटी मासिकामागून आवाज आला, "कोपर का?"

"छे. कोपर आता चांगलं आहे. असंच, रक्तदाब. तुमची कंबर?"

"कंबर ठणठणीत. मीही असंच."

"हो ना. या वयात बघत राहावं."

"बघत राहावं."

साडूने मासिक सुलटं केलं. मग साडू हळूच म्हणाला, "तुम्हाला डॉक्टरांनी मनाई केली तर मी समजून घेईन बरं का."

"तुम्हाला केली तर मीही समजून घेईन."

"नाही, आधी तुम्ही."

"तुम्ही आधी आलाय."

डॉक्टरांनी दोघांना एकदमच आत बोलावलं. छाती, पाठ, जीभ, डोळे, सगळं पाहिलं. साडूने कंबर वाकताना कण्हून दाखवलं, मी कोपर. डॉक्टर हात चोळत म्हणाले, "उत्तम. दोघंही एकदम फिट. मी पहिल्या रांगेत खुर्ची सांगून ठेवली आहे."

बाहेर पडलो आणि दोघं दोन दिशांना गेलो. मला तिकडे जायचंच नव्हतं, मोठा वळसा पडला.

९ मे, शनिवार

बायकोने विचारलं, "उद्याचं नक्की ना?"

मी म्हणालो, "माझ्याकडून नक्की. त्याच्याकडून बघू."

ती म्हणाली, "लवकर झोपते मी. उद्या दिवस मोठा आहे." तिला माझी काळजी वाटते, पण दाखवत नाही. झोपायच्या आधी आरशासमोर उभी राहून खांदे फिरवत होती.

१० मे, रविवार

घरी येऊन आधी वही काढली.

साडेदहाला हॉल भरला. खाली टायरच्या गोदामात आम्हाला कपडे बदलायला जागा दिली होती. टायरांच्या एका ढिगामागे मी, दुसऱ्यामागे साडू. मास्तर मध्ये.

अकरा वाजता कोचबाईंनी वरून हाक मारली. मी मास्तरांना म्हणालो, "मी तयारच आहे. फक्त साडूंच्या कंबरेचं बघा, उगाच माझ्या हातून काही व्हायला नको." मास्तर तिकडे गेले. परत येऊन म्हणाले, "ते म्हणतात कंबर ठीक आहे, पण तुमच्या कोपराची त्यांना चिंता वाटते." मी म्हणालो, "त्यांना सांगा, ते वर गेले की मी लगेच आलो." मास्तर गेले, आले. "ते म्हणतात, नाणेफेक पूर्ण झाली नव्हती. आधी तुम्ही."

असं नऊ वेळा झालं. मास्तर टायरला टेकून खाली बसले आणि म्हणाले, "माझं वय एकाहत्तर आहे."

मग कोचबाई जिना उतरून आल्या. आमच्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

"तुम्ही दोघं लढणार नाही हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हणून मी दुसऱ्या दोघी तयार केल्या. तुम्ही वर या. बादली आणि टॉवेल धरायला माणसं हवी आहेत."

मी वर गेलो तेव्हा रिंगच्या निळ्या कोपऱ्यात माझी बायको उभी होती. डोक्याला टोपी, हातात ग्लोव्ह्ज, दातांवर रबर. लाल कोपऱ्यात ताई. आणि त्या ज्या तऱ्हेने उभ्या होत्या त्यावरून मला एकदम सगळं कळलं. सकाळचं फिरणं, अंडी, यंत्र, दारं. मी चांगलं दार विनाकारण तासलं.

"अगं, हे काय?" मी म्हणालो.

"पाणी कमी द्या, फक्त चूळ भरायला," ती रबरामागून म्हणाली.

पहिला राउंड नीट झाला. लोक टाळ्या वाजवत होते, दोघी एकमेकींना जोखत होत्या. दुसऱ्या राउंडला ताईने डाव्या हाताने एक हलका ठोसा लावला आणि काय झालं माहीत नाही, बायकोने उत्तरादाखल तीन मारले. प्रत्येकाबरोबर एक शब्द. "मशीन." दण. "न विचारता." दण. "नेलंस." दण.

मी आणि साडूने रिंगच्या दोन टोकांवरून एकमेकांकडे पाहिलं. त्यांची आई जाऊन दोन वर्षं झाली. शेवटची सहा वर्षं ती आमच्याकडे होती. तिचं शिलाई मशीन ती गेल्यावर ताई घेऊन गेली. बायको त्या दिवशी म्हणाली होती, "नेऊ दे, मला कुठे शिवता येतं." मला वाटलं विषय संपला. दोन वर्षं मला तसंच वाटत होतं.

"तू मागितलंस कधी?" ताई ठोसा चुकवत म्हणाली.

"तू विचारलंस कधी?"

"मला वाटलं, तू नको म्हणालीस."

"म्हणून लगेच टेम्पो आणायचा?"

"गार्ड वर," कोचबाई म्हणाल्या. "बोलणं नंतर."

पण बोलणं थांबलं नाही. "आईचं तुझ्याकडे सगळंच होतं," ताई म्हणाली. "सहा वर्षं. मला रविवारची फक्त." आणि तिने असा एक ठोसा मारला की बायको खाली बसली. पहिल्या रांगेतले डॉक्टर उठून उभे राहिले. कोचबाई मोजायला लागल्या. एक, दोन, तीन. माझ्या हातात टॉवेल होता. टॉवेल आत टाकला की लढत थांबते हे मला बावीस वर्षांपासून माहीत आहे. मी हात उचलला. बायकोने खालूनच माझ्याकडे पाहिलं. लग्नात इतकी वर्षं काढल्यावर काही नजरा वाचता येतात. मी टॉवेल माझ्याच खांद्यावर टाकला.

सातला ती उठली.

तिसऱ्या राउंडला दोघी दमल्या होत्या. ठोसे कमी, धक्काबुक्की जास्त. शेवटच्या अर्ध्या मिनिटात त्या एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. कोचबाईंनी सोडवलं, पुन्हा धरलं. दुसऱ्यांदा कोचबाईंनी सोडवलं नाही. घंटा झाली तरी त्या तशाच होत्या, हनुवट्या एकमेकींच्या खांद्यावर, मोठाले ग्लोव्ह्ज पाठीवर, आणि दोघींचंही नाक वाहत होतं. मारामुळे असेल. तसा संबंध असतो, मी आधी लिहिलंय. पण मला वाटतं, या वेळी ते मारामुळे नसावं.

ताई एका गुणाने जिंकली. कोचबाईंनी तिचा हात वर केला. बायकोने रबर काढून विचारलं, "पुन्हा कधी?"

"सप्टेंबर," ताई म्हणाली.

बस. कोणाचं वजन किती, आधी कोण येणार, काही नाही.

११ मे, सोमवार

आज शिलाई मशीन आमच्याकडे आलं. ताईनेच पाठवलं. सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे, असं दोघींनी काल रिंगमध्ये बसूनच ठरवलं.

ते दोन मजले चढवायला साडू आणि मी. लोखंडी पाय, जुनं, भयंकर जड. पहिल्या वळणावर टेकवलं. दुसऱ्या वळणावर टेकवलं. तिथे साडू म्हणाला, "तुम्ही बाजूच्या कठड्याला लागताय, जरा आत घ्या." दवाखाना सोडला तर दोन महिन्यांनी तो माझ्याशी थेट बोलला.

"घेतलं," मी म्हणालो.

वर बायको दार उघडून उभी होती. ओठ सुजलेला. मशीन कुठे ठेवायचं ते तिने बोटाने दाखवलं. मग म्हणाली, "कोपर आणि कंबर, दोन्ही छान चालतायत."

आम्ही दोघंही पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. दार अगदी सहज उघडतं. साडूने दोनदा उघडझाप करून पाहिलं आणि म्हणाला, "चांगलं तासलंय."

१६ मे, शनिवार

सकाळी बातमी आली. पट्टेवाल्याने निवृत्ती जाहीर केली. डावखुऱ्याशी आता लढत नाही, कधीच नाही. पट्टा टेबलावर ठेवून निघून गेला, कारण विचारलं तर म्हणाला, घरच्यांना वेळ द्यायचाय.

मी साडूच्या दुकानात पोचलो तेव्हा मास्तर आधीच खुर्चीत होते. दाढी कालच झाली होती, तरी आले होते. डोळे चमकत होते. "बोला," ते मला म्हणाले. "टाळलं की नाही?"

मी खुर्ची ओढून बसलो. साडू वस्तरा पुसत होता.

"असेल काहीतरी अडचण त्याची," मी म्हणालो.

"नसेल तब्येत ठीक," साडू म्हणाला. "आपल्याला बाहेरून काय कळतंय."

मास्तरांनी एकदा माझ्याकडे, एकदा आरशातून साडूकडे पाहिलं. मग स्वतःच गळ्यातलं कापड सोडलं आणि म्हणाले की त्यांना भाजी घ्यायची आहे.

१७ मे, रविवार

दुपारी दोन्ही घरांचं जेवण झालं. ताई आणि बायको सप्टेंबरबद्दल हसत बोलत होत्या, जणू सहलीला जायचंय. ताईने विचारलं, डोळ्याखाली सूज आली की बर्फ आधी की मलम? साडू भांडी घासत होता, मी पुसत होतो.

संध्याकाळी सगळे गेल्यावर बायकोने विचारलं, "खरं सांगा. तुम्ही लढला असता?"

मी कोपराचं सांगणार होतो. तोंड उघडलंही.

"नाही," मी म्हणालो.

"मग दोन महिने एवढं सगळं कशाला?"

"मला वाटलं, आधी तो नाही म्हणेल."

तिने सोफ्यावरची उशी सरळ केली. मग म्हणाली, "भावोजींनी ताईला हेच सांगितलं. हेच शब्द."

मला वाटलं, आता ती हसेल. ती हसली नाही. आत गेली आणि कोचबाईंकडून आणलेले दोन जाड, गोल पॅड घेऊन आली. सरावाला समोरच्या माणसाने हातावर चढवायचे ते. माझ्या हातांत तिने स्वतः घातले, पट्टे आवळले आणि मला दिवाणखान्याच्या मध्यावर उभं केलं.

"हे छातीसमोर धरा. मी यांवर मारणार, तुमच्यावर नाही. आणि मागे सरकायचं नाही."

"आत्ता?"

"सप्टेंबरला साडेतीन महिने राहिलेत. रोज संध्याकाळी."

मी धरले. पहिला ठोसा आला तेव्हा माझे डोळे आपोआप मिटले आणि मी सोफ्याला जाऊन टेकलो.

"डोळे उघडे ठेवा," ती म्हणाली.

मी पुन्हा मध्यावर आलो आणि डोळे उघडे ठेवले. दुसरा ठोसा दिसला. तिसरा दिसला. चौथ्याच्या वेळी मी पाहिलं की मारताना ती अर्धा क्षण जीभ दातांत धरते, चावी नीट बसली की मी धरतो तशी. इतक्या वर्षांत हे कधी पाहिलं नव्हतं.

"कोचबाई ओरडतील," मी म्हणालो. "जीभ आत घे."

"आणखी पन्नास," ती म्हणाली.

मी मोजले. एकोणपन्नास झाले होते तेव्हा मी चुकून पस्तीस म्हणालो, आणि तिने ते मान्य केलं.